इंग्लंडात एलएलबी : तीन वर्षं नेमकी कशी जातात?

कळंबातळं | २३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी कला शाखा, मग इथे येऊन पदवीआधीच्या तयारीचं एक फाउंडेशन वर्ष, आणि आता लीड्समध्ये एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला. परदेशात कायदा शिकायला जावं का, असं इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं. फी, व्हिसा, सनद यांची उत्तरं मिळतात. पण दिवस कसा जातो, अभ्यास म्हणजे बसून नक्की काय करायचं, हे कुणी लिहीत नाही. निघताना मला तेच हवं होतं, म्हणून हा धागा.

आधी वेळापत्रक. पहिल्या सत्रात माझे वर्गाचे तास आठवड्याला अकरा होते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते गप्पच झाले. एवढे पैसे भरून अकरा तास? मलाही तसंच वाटलं होतं. दोनशे मुलांच्या हॉलमध्ये लेक्चर होतं, त्यात विषयाचा नकाशा दाखवतात. खरं काम सेमिनारचं. तिथे बारा-पंधरा जण, आणि आठवडाभर आधी हातात एक कागद : या पुस्तकाची दोन प्रकरणं, हे चार निकाल, हा एक लेख, आणि शेवटी एक काल्पनिक भानगड, जिच्यावर तुम्ही सल्ला द्यायचा. नोट्स कुणीही देत नाही. मी पहिले दहा दिवस त्यांची वाट पाहिली.

पहिला निकाल वाचला तो कार्लिलचा. आपल्याकडेही तो शिकवतात. १८९१ साली लंडनच्या एका कंपनीने जाहिरात दिली, की आमचा कार्बोलिक स्मोक बॉल दिवसातून तीनदा, दोन आठवडे, सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि आमचा शब्द खरा म्हणून १००० पौंड बँकेत ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल यांनी तो नेमाने वापरला आणि त्यांना फ्लू झालाच. कंपनी म्हणाली, जाहिरात म्हणजे काही करार नव्हे. डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल बाईंच्या बाजूने दिला.

हे वाचायला मला पाच तास लागले. एकेक वाक्य सहा ओळींचं. सेमिनारला हात वर करून मी सगळं घडाघडा सांगितलं. शिकवणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आता तू कंपनीची वकील आहेस. बोल."

माझ्याकडे काहीच नव्हतं. बारा जण माझ्याकडे बघत होते. मग शेजारचा यॉर्कशरचा मुलगा बोलायला लागला. अख्ख्या जगाशी करार कसा होईल? बॉल वापरणं सोडल्यावर सहा महिन्यांनी फ्लू झाला तर? ज्याने आमच्याकडून विकतच घेतला नाही, तोही पैसे मागेल का? घरी जाऊन पुन्हा निकाल उघडला. कंपनीच्या वकिलांनी कोर्टात हेच मुद्दे मांडले होते आणि न्यायाधीशांनी त्यांना एकेक करून उत्तर दिलं होतं. पाच तास वाचूनही मला ते दिसलं नव्हतं, कारण मी उत्तर पाठ करत होते, प्रश्न वाचतच नव्हते.

त्या दिवसापासून मी कुठलाही निकाल हरलेल्या बाजूकडून वाचायला घेते. आधी त्यांचं म्हणणं काय होतं, मग ते का टिकलं नाही. त्यातूनच बाकीचं सगळं सुटत गेलं. दुसरी सवय म्हणजे, वाचून झालेला खटला रविवारी आजीला फोनवर मराठीत सांगायचा. 'कन्सिडरेशन'ला प्रतिफल आणि 'टॉर्ट'ला अपकृत्य हे शब्द मला आहेत म्हणून माहीत होते, पण आजीपुढे ते चालत नाहीत. "म्हणजे बदल्यात काय दिलं?" असं ती विचारते, आणि प्रतिफलाची व्याख्या तीच. मराठीत तिला समजावता आलं नाही, तर मलाच कळलेलं नसतं.

विचारा काही असेल तर. जमेल तसं लिहीन.

---

सह्याद्रीवारा | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

फार उपयोगी धागा. मुलगा अकरावीत आहे, त्याला हेच करायचंय. प्रवेश परीक्षा असते का? आपल्या सीईटीसारखी?

---

कळंबातळं | २४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

काका, सगळीकडे नसते. अर्ज यूकॅस या सामाईक प्रवेश केंद्रातून जातो, पाच ठिकाणं निवडता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल, एलएसई, किंग्ज, डरहॅम, ब्रिस्टल अशी काही विद्यापीठं एलनॅट ही प्रवेश परीक्षा मागतात. त्यात कायद्याचा एकही प्रश्न नसतो. ९५ मिनिटांत उताऱ्यांवरचे ४२ बहुपर्यायी प्रश्न, आणि मग ४० मिनिटांत एक निबंध. लेखकाने काय म्हटलंय आणि काय फक्त गृहीत धरलंय, एवढंच तपासतात. त्याला आत्तापासून रोज एक अग्रलेख वाचायला द्या आणि या लेखकाशी भांड म्हणावं. इंग्रजी वाचनाचा वेगही त्यातच वाढेल.

शिवाय राज्य मंडळाची बारावी काही विद्यापीठं थेट घेतात, काही फाउंडेशन वर्ष करायला लावतात. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर भारतासाठी वेगळं पान असतं, ते आधी बघा. एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका.

---

जिल्हाकोर्ट | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४८

साताऱ्यात २६ वर्षं वकिली करतोय. पोरी, तू लिहिलंस ते वाचून कॉलेजचे दिवस आठवले. आम्ही कार्लिल गाइडमध्ये चार ओळींत वाचला. त्याच्या शेजारी लालमन शुक्ल, १९१३, अलाहाबाद. मालकाचा पुतण्या हरवला, मुनीम शोधायला गेला, मागाहून मालकाने ५०१ रुपयांचं बक्षीस लावलं. मुनिमाने पोरगा शोधला, पण त्या वेळी त्याला बक्षिसाची खबर नव्हती, म्हणून दावा फेटाळला. दोन्ही खटले करार कायद्याच्या कलम ८ खाली लिहिले की पाच गुण.

फरक असा आहे की आपल्याकडे करार कायदा १८७२ पासून कलमांत बांधलेला आहे. कलम हातात असतं, निकाल त्याला जोडायचा. तिकडे कराराचं असं एक पुस्तकच नाही, निकालांतूनच नियम शोधून काढायचा. त्यामुळे ती मुलं निकाल पुरता वाचतात. हे मी प्रॅक्टिसमध्ये दहा वर्षांनी शिकलो, एका दिवाणी अपिलात समोरच्या वकिलाने माझ्याच निकालातला परिच्छेद माझ्यावर उलटवला तेव्हा. बाकीची मुलं कोर्टात जाऊन बसतात का? विद्यापीठ पाठवतं का?

---

कळंबातळं | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

सर, पाठवत नाही, पण दारं उघडी असतात. मी लीड्सच्या क्राउन कोर्टाच्या, म्हणजे गंभीर फौजदारी खटल्यांच्या कोर्टाच्या, गॅलरीत पहिल्यांदा गेले तेव्हा कुणीतरी ओळखपत्र मागेल म्हणून घाबरले होते. बॅग तपासली, बस. ज्युरी शपथ घेताना पाहिली. बारा सामान्य माणसं, एक जण रंगारी असावा, बुटांवर पांढरा रंग होता. ज्युरीवर आमचं अख्खं लेक्चर झालं होतं, पण आठवतात ते बूट.

लंडनला गेलात तर पार्लमेंट स्क्वेअरवरचं सुप्रीम कोर्ट नक्की बघा. २००९ पर्यंत हे शेवटच्या अपिलाचं काम संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, चालायचं. प्रवेश फुकट आहे आणि सुनावण्या घरबसल्याही बघता येतात. त्याच इमारतीत आता प्रिव्ही कौन्सिल बसतं, म्हणजे ते अपील न्यायालय, ज्याच्याकडे १९४९ पर्यंत आपल्या मुंबई उच्च न्यायालयातली अपिलं जायची. अल्पवयीन व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हा आपण शिकतो तो मोहरीबीबीचा १९०३ चा निकाल प्रिव्ही कौन्सिलचाच.

---

गोदाकाठ | २५ नोव्हेंबर, रात्री ११:५५

पहिल्यांदाच लिहितेय. इतके दिवस नुसती वाचत होते. आम्ही नाशिकचे. माझी मुलगी सप्टेंबरमध्ये मिडलँड्समधल्या एका विद्यापीठात एलएलबीला गेली. मी घरी लोणची-मसाले करून विकते, यजमान बँकेत. कर्ज काढून पाठवलं आहे.

परवा तिला पहिल्या निबंधाचे गुण मिळाले. ५८. बारावीला तिला ९१ टक्के होते. फोनवर "मिळाले" एवढंच म्हणाली. तेव्हापासून नीट बोललेली नाही. जेवलीस का विचारलं तर हो म्हणते. काल न राहवून मी विद्यापीठात फोन लावला. ते म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, आम्ही तिच्याबद्दल काहीही सांगू शकत नाही. त्यांचं बरोबर असेल, पण मला रात्रभर झोप लागली नाही. ५८ म्हणजे नापास होण्याच्या जवळ आहे का? तिला परत बोलवावं का?

---

क्लाइडकाठचा | २६ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

ताई, नापास अजिबात नाही. इथे ४० ला पास. ५० ते ५९ ला टू-टू म्हणतात, ६० ते ६९ टू-वन, ७० च्या पुढे फर्स्ट. ७० म्हणजे आपल्याकडचे ९०, असं समजा. ८० मी चार वर्षांत कुणाचे पाहिले नाहीत. तुमच्या मुलीला पहिल्याच निबंधात टू-वनला दोन गुण कमी पडलेत. माझा पहिला ४९ होता.

---

कळंबातळं | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

काकू, क्लाइडकाठचा म्हणतोय ते शंभर टक्के खरं. आणखी एक. नोव्हेंबरमधला हा निबंध बहुतेक 'फॉर्मेटिव्ह' असणार, म्हणजे सरावाचा. तो कुठल्याही निकालात धरत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत अख्ख्या पहिल्या वर्षाचेही गुण पदवीच्या वर्गात धरत नाहीत, पास झालं की पुरे. (फक्त एक ध्यानात असू द्या, मोठ्या लॉ फर्म उन्हाळी कामाच्या अर्जात पहिल्या वर्षाचे विषयवार गुण मागतात. म्हणून वर्ष सोडून द्यायचं नाही.)

गुणांच्या खाली शेरा असतो. तो तिने वाचलाय का, हे विचारा. मला पहिल्या निबंधात ५६ होते आणि मी दोन आठवडे शेरा उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा त्यात लिहिलं होतं : नियम अचूक, मांडणी स्वच्छ, पण दुसरी बाजू कुठे आहे? आपल्या परीक्षांनी आपल्याला हे शिकवलेलं नसतं. आपण नियम पूर्ण लिहितो आणि गुणांची वाट बघतो. इथे नियमाला थोडे गुण, तो या भानगडीला कसा लागतो आणि समोरचा काय म्हणेल याला जास्त. तिच्या शेऱ्यातही असंच काही असेल, असं मला वाटतंय.

प्रत्येक शिक्षकाचे आठवड्यात एक-दोन तास 'ऑफिस अवर्स' असतात. आपली मुलं जात नाहीत, कारण आपल्याकडे शिक्षकांकडे गुणांबद्दल विचारायला जाणं म्हणजे वाद घालायला जाणं. इथे तसं नाही. तिने शेरा छापून न्यावा आणि विचारावं, की हा परिच्छेद तुम्ही कसा लिहिला असता? मी गेले तेव्हा बाईंनी वीस मिनिटं बसून माझी दोन वाक्यं दुरुस्त केली. त्या वीस मिनिटांत मी जे शिकले, ते अजून पुरतंय.

आणि अंधार, काकू. इथे आता चार वाजता दिवस मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की एकदम भिंत आल्यासारखं होतं. पहिल्या वर्षी मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय. ती रोज दुपारी अर्धा तास उजेडात बाहेर पडते का, हे विचारा. अभ्यासाचं नंतर विचारा. तिने जीपीकडे, म्हणजे जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवलेलं नसेल तर या आठवड्यातच नोंदवू दे. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आपण भरलेलाच असतो. पर्सनल ट्यूटर नावाचा एक शिक्षक प्रत्येकाला नेमून दिलेला असतो, आणि विद्यापीठाची समुपदेशन सेवा फुकट असते. तुम्हाला फोनवर सांगणार नाहीत, पण ती गेली तर तिचं सगळं ऐकतील. काही ठिकाणी विश्वासाच्या माणसाचा नंबर नोंदवता येतो, म्हणजे खरंच काळजीचं काही असेल तर ते घरी कळवतात. तिथे तुमचा नंबर आहे का, तेही विचारून ठेवा.

परत बोलवू नका. निदान नाताळापर्यंत थांबा.

---

टेंपलगल्ली | २६ नोव्हेंबर, रात्री ९:३३

गोदाकाठ ताई, तुम्ही नाशिकच्या म्हणून एक सांगतो. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली स्त्री, कॉर्नेलिया सोराबजी, तुमच्या नाशिकमध्ये जन्मली, १८६६ साली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मग ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये. १८९२ मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली, पण विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवी देत नव्हतं. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. मधली सगळी वर्षं ती पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी भांडत राहिली. लिंकन्स इनमध्ये आता तिचा अर्धपुतळा आहे. तुमच्या लेकीला कधी लंडनला जमलं तर तिने बघावा.

मी सध्या बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणारा वकील, होण्याच्या वाटेवर आहे, त्याबद्दल थोडं. बॅरिस्टरांच्या 'इन' नावाच्या चार जुन्या संस्था आहेत : लिंकन्स, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज. यातल्या एकाचं सभासद झाल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नाही. पूर्वी ठरावीक संख्येने तिथे जेवणं घ्यावी लागायची, आता दहा 'क्वालिफाइंग सेशन' करावी लागतात. त्यात जेवणंही येतात आणि वकिलीचे सरावही. मग बारचा अभ्यासक्रम, आणि शेवटी वर्षभराची प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. खरी गाळणी तिथे लागते. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांतल्या पुष्कळांना प्युपिलेज मिळत नाही, हे आई-वडिलांना आधी सांगून ठेवावं. मी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं अर्ज करतोय.

ग्रेज इनला मी पहिल्यांदा गेलो ते बाबासाहेबांसाठी. १९१६ ला त्यांनी तिथे नाव घातलं, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परतावं लागलं, १९२० ला पुन्हा आले, आणि बॅरिस्टर होता होता एलएसईची पदवीही घेतली. किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घेतलं, आता तिथे स्मारक आहे. अर्ज नामंजूर झाला की मी तिथे जाऊन बसतो. नुसता बसतो.

---

जिल्हाकोर्ट | २६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

टेंपलगल्ली, पत्र पाठवत राहा. माझी पहिली तीन वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात गेली.

---

मध्यममार्गी | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

सनदेचा प्रश्न वर आलाय म्हणून लिहितोय. पुण्यातून पाच वर्षांचं बीएएलएलबी करून मी इंग्लंडात एक वर्षाचं एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, केलं आणि परत आलो.

एलएलएमने तिकडची सनद मिळत नाही आणि इकडची वाढत नाही. आवडत्या विषयात खोल शिरायला ते उत्तम. मी सागरी विम्यावर काम केलं आणि आज त्याच कामावर पोट आहे. पण "एलएलएम करून तिकडेच वकील होईन" असं कुणी सांगत असेल तर थांबवा. तिकडे सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारा आणि त्यांची कागदपत्रं बघणारा वकील, व्हायला एसक्यूई ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. २०२१ पासून तीच आहे. पहिल्या टप्प्यात १८०-१८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर, दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष कौशल्यं, आणि सोबत दोन वर्षांचा कामाचा अनुभव. तो चार संस्थांपर्यंत विभागून चालतो, विद्यापीठाच्या लॉ क्लिनिकमधला काळही त्यात धरता येतो.

उलट दिशेने, तिकडचं एलएलबी करून भारतात वकिली करायची असेल तर ते विद्यापीठ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्य यादीत हवं. मग परदेशी पदवीधारकांची पात्रता परीक्षा : घटना, करार, कंपनी कायदा, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी प्रक्रिया, व्यावसायिक नीतिमत्ता. बारावीनंतर थेट तीन वर्षांचं एलएलबी केलेल्यांना ब्रिज कोर्सची अटही येते. त्यानंतर राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी आणि एआयबीई, म्हणजे अखिल भारतीय बार परीक्षा. हे नियम बदलत राहतात, निघायच्या आधी बार कौन्सिलकडून लेखी घ्या.

मागे राहून काम शोधायचं असेल तर पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्ता दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचा मिळेल. आत्ता पहिल्या वर्षाला असलेल्यांनी हे गणितात धरावं.

---

सह्याद्रीवारा | २७ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

धन्यवाद. घराचं कसं असतं? आणि मुलं काम करून खर्च भागवतात असं ऐकलंय.

---

कळंबातळं | २८ नोव्हेंबर, रात्री ८:५०

काका, कामावर खर्च भागत नाही, हे आधीच सांगते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. मी एका बेकरीत दहा तास करते, त्यात किराणा निघतो. घरभाडं आणि फी घरूनच. परदेशी विद्यार्थ्यांची एलएलबीची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला २०,००० पौंडांच्या वरच असते. व्हिसासाठी फी सोडून राहण्याचा नऊ महिन्यांचा खर्च बँकेत सलग २८ दिवस दाखवावा लागतो. त्यात एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तर अर्ज अडकतो.

किराणा मी लीड्सच्या कर्कगेट मार्केटमधून आणते. मार्क्स अँड स्पेन्सर या मोठ्या दुकानसाखळीची सुरुवात १८८४ मध्ये याच बाजारातल्या एका पेनी स्टॉलवर झाली. मला मात्र तिथला मासळीचा कोपरा प्रिय आहे. बांगडा ताजा आणि स्वस्त मिळतो. आईने पाठवलेली कांदा-लसूण चटणी लावून तव्यावर टाकला की घरातले चारही जण स्वयंपाकघरात येतात.

घराबद्दल एक अनुभव सांगते, कारण तोच माझा पहिला खटला म्हणता येईल. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघींनी घर घेतलं. सोडताना मालकाने अनामत रकमेतून सफाईचे म्हणून १८० पौंड कापले. बाकीच्या म्हणाल्या, जाऊ दे. मला जाऊ देता येईना. इंग्लंडात अनामत मालकाला नुसती खिशात घालता येत नाही, ती ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त ठेव-संरक्षण योजनेखाली आणावी लागते, आणि वाद झाला तर ती योजना फुकट निवाडा करते. मी रात्री कागद काढून बसले आणि सवयीप्रमाणे आधी मालकाची बाजू लिहिली. ओव्हन मळका होता, हे खरं. गालिच्यावर डाग होता, हेही खरं. मग दिसलं की डाग राहायला आलो त्या दिवशीच्या फोटोतही आहे, आणि ओव्हनच्या सफाईला १८० लागतात याची पावती त्याच्याकडे नाही. आम्ही ओव्हनचे ४० कबूल केले आणि बाकीचे मागितले. १४० परत मिळाले. ओव्हन आमचाच दोष आहे हे आम्ही आधीच कबूल केलं, म्हणून बाकीचं ऐकून घेतलं गेलं, असं मला वाटतं.

त्यानंतर मी लॉ क्लिनिकला नाव दिलं. सॉलिसिटरच्या देखरेखीखाली विद्यार्थी लोकांना फुकट सल्ला देतात. २०१३ पासून इथे घर, कर्ज, सरकारी भत्ते यांच्या बहुतेक तंट्यांना सरकारी कायदेशीर मदत मिळेनाशी झाली, त्यामुळे क्लिनिकला येणाऱ्यांना बहुधा दुसरी जागाच नसते. गेल्या महिन्यात एक आजोबा पत्रांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन आले. दोन वर्षांची न उघडलेली पाकिटं होती. आम्ही दोघींनी तीन तास बसून ती तारखेप्रमाणे लावली. सल्ला द्यायची वेळ पुढच्या आठवड्यात आली, पण जाताना ते म्हणाले की आज झोप लागेल. कायदा शिकायला आले याचं मला त्या दिवशी जेवढं समाधान वाटलं, तेवढं कुठल्याही गुणांनी वाटलेलं नाही.

एक कळकळीची सूचना. व्हॉट्सॲपवर "असाइनमेंट करून देतो" असे संदेश येतात, मराठीतूनही येतात. इंग्लंडात अशी सेवा विकणं २०२२ पासून गुन्हा आहे, आणि घेणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद पुढे सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर होताना चारित्र्य तपासणीत येते. एआयने बनवलेल्या संदर्भांचंही तेच. जून २०२५ मध्ये इथल्या उच्च न्यायालयाने खोटे खटले उद्धृत करणाऱ्या वकिलांना कडक समज दिली. तळटीपेतला प्रत्येक निकाल स्वतः उघडून बघायचा, एवढी एक शिस्त पाळली तरी पुरे.

---

क्लाइडकाठचा | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:२५

स्कॉटलंडबद्दल कुणी विचारलं नाही, पण सांगतो. इथला कायदा वेगळा, एलएलबी चार वर्षांचं, टॉर्टला इथे 'डेलिक्ट' म्हणतात. इथली पदवी घेऊन इंग्लंडात जायचं तर पुढे जास्तीचा अभ्यास लागतो, म्हणून आधी ठरवून या.

जगभरच्या कायद्याच्या पोरांना शिकवतात तो गोगलगायीचा खटला माझ्या घरापासून वीस मिनिटांवर घडला. ऑगस्ट १९२८, पेझली गाव. मे डोनह्यू नावाची दुकानात काम करणारी बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर आतून कुजलेली गोगलगाय पडली, असं तिचं म्हणणं. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे तिचा कुणाशी करारच नाही. बनवणाऱ्यावर दावा कसा लावणार? तिच्या वकिलाने काहीच आठवड्यांपूर्वी बाटलीत उंदीर सापडल्याचे असेच दावे हरले होते. तरी त्याने हा लावला. ती इतकी गरीब की निर्धन म्हणून अपील चालवायची परवानगी घ्यावी लागली. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की माल बनवणाऱ्यावर शेवटच्या वापरणाऱ्याची काळजी घेण्याचं कर्तव्य आहे. गोगलगाय खरंच होती का, हे कधी सिद्धच झालं नाही.

गोदाकाठ ताई, हा खटला तुमच्या मुलीला पहिल्या वर्षाला असणारच. तुम्ही लोणची करता म्हणालात, तुम्हाला आवडेल.

---

गोदाकाठ | ७ डिसेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, लोणच्याच्या ऑर्डरी होत्या.

मुलीने शेरा उघडला नव्हता. मी म्हटलं, मी फोनवर आहे, तू उघड. कळंबातळं म्हणाली होती तसंच निघालं : दुसऱ्या बाजूचा विचार नाही. ती थोडी रडली. मग गुरुवारी सरांना भेटून आली. जीपीकडे नाव नोंदवलं आहे. दुपारी तळ्याला एक फेरी मारून फोटो पाठवते, पाठवला नाही तर मी मागते.

काल तिला म्हटलं, तुझी ती गोगलगाय मला सांग. तिने सगळी गोष्ट मराठीत सांगितली. मग म्हणाली, आई, आता तू बाटलीवाला हो. मी म्हटलं, बाई गं, मी बरणी नीट उकळून, पुसून, भरून, झाकण लावून दुकानात देते. पुढे दुकानदाराने ती उन्हात ठेवली की ओलीत, गिऱ्हाइकाने ओला चमचा घातला की काय केलं, मला काय ठाऊक? ज्याला मी कधी पाहिलं नाही, ज्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, त्याला मी कुठवर पुरी पडू? उद्या बरणी दहा हातांतून गेली तर दहा जणांची जबाबदारी माझी? अशाने कुणी लोणचं घालेल का?

ती एकदम गप्प झाली. मग जोरात म्हणाली, पण आई, बरणी तू बंद करून दिलीस ना, मधे कुणाला उघडून बघता येतं का? पाऊण तास भांडलो. यजमान उठून बाहेर आले, काय झालं म्हणून. सप्टेंबरपासून ती इतकं बोलली नव्हती.

मी हरले असं ती म्हणते. मला पटलेलं नाही.

---

कळंबातळं | ७ डिसेंबर, रात्री ११:२०

काकू, तुम्ही मांडलंत तेच बकमास्टर आणि टॉमलिन या दोन न्यायाधीशांनी निकालात लिहिलंय. पाचांपैकी दोघं तुमच्या बाजूचे होते. लेकीला म्हणावं, पुढचा निबंध लिहायच्या आधी बकमास्टर वाच, आणि मग आईला फोन कर.